दुसरी घंटा

आषाढ पुनवेच्या संध्याकाळी आमच्या विहारात बसलं की आधी ऐकू येतो तो पत्रा. लोखंडी पत्र्यावर पडताना पाऊस पाऊस राहत नाही. वरून कुणीतरी खडीचा डंपर रिकामा करतंय असं वाटतं. त्या आवाजाखाली आम्ही चटयांवर बसलेले असतो. पुढे बुद्धाची छोटी पितळी मूर्ती, तिच्या मागे भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, आणि कुणीतरी ओरडून ग्रंथ वाचत असतं. ओरडूनच वाचावं लागतं. आमच्या वाडीत पावसाळ्यात धम्म हळू आवाजात सांगता येत नाही.

यंदा तो वाचणारा आवाज माझा आहे, आणि त्यामुळेच हे लिहायला बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझं लिहिलेलं चूक की बरोबर हे सांगणारं घरात कुणी नाही, म्हणून पेन उचलताना हात जरा मागे राहतो. तरी लिहिते. पाऊस परत आला तसा गेल्या वर्षीचा पाऊसही परत आला आहे, आणि तो काही केल्या ओसरत नाही.

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला धरून. वर देऊळ, देवळाजवळ मानकऱ्यांची घरं, मग बाजार, मग भातशेती, आणि शेतं संपून भरतीचं खारं पाणी जिथे बांधाला लागतं तिथे आमची बौद्धवाडी. वाडीत भिक्खू कधी राहिले नाहीत. पण पूर्वी भिक्खू पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी राहत, त्याची आठवण म्हणून आषाढ पुनवेपासून आश्विन पुनवेपर्यंत आमच्याकडे वर्षावास पाळतात. म्हणजे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. एकेका दिवशी एकेका घराची खीर. शेतातून आलेली माणसं पाय धुऊन, पांढरं काहीतरी अंगावर घालून येतात. काही बसल्या बसल्या पेंगतात. पेंगणाऱ्याला कुणी उठवत नाही.

गेल्या वर्षीपर्यंत वाचायचे ते तात्या. तात्या माझ्या बाबांचे मोठे भाऊ. बाबा गोव्याला हॉटेलात कामाला, म्हणून घरात वडीलधारं माणूस म्हणजे तात्याच. ते एसटीत कंडक्टर होते. मालवणहून कणकवली, मालवणहून फोंडाघाट, असं सगळं आयुष्य गाडीत उभ्याने गेलं. त्यामुळे ते ग्रंथही स्टॉप सांगितल्यासारखा वाचायचे. राजगृह आलं की आवाज चढायचा, श्रावस्ती आली की आणखी चढायचा. मागे बसलेली पोरं खिदळायची.

"तात्यानु, श्रावस्तीक एक हाफ द्या!"

"गप बस मेल्या, नायतर हंयच उतरवतंय," असं म्हणून तात्या त्याच दमात पुढचं वाक्य वाचायचे.

फक्त एका जागी त्यांना तो आवाज नकोसा व्हायचा. शेवटच्या भागात बुद्ध थकलेले असतात, आजारी असतात, वाटेत थांबत थांबत चालतात, आणि मग दोन झाडांमध्ये आडवे होतात. आश्विन पुनवेला आमच्याकडे तो भाग येतो. आश्विनात खरं तर पाऊस ओसरलेला असतो, पण आमच्याकडचा पाऊस जाता जाता एकदा गडगडून जातो, आणि तो दर वर्षी नेमका पुनवेला येतो असं तात्यांचं म्हणणं. "मरणाऱ्या माणसाच्या उशाकडे बसान कोण बोंबलता काय गो?" ते मला म्हणायचे. "माका हरसाल बोंबलूक लागता."

गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता खाडीपलीकडच्या माडबनात चिऱ्यांचे ट्रक यायला लागले. तारकर्लीसारखे लॉज आता आपल्याकडेही होणार म्हणून बाजारातली माणसं खूश होती. ती जमीन उदयदादाच्या घरची. उदयदादा मानकऱ्यांचा मुलगा, पुण्यात शिकून परत आलेला. पण बांधकाम पुरं झालं तेव्हा तिथे लॉजचा बोर्ड लागला नाही. मोठं कौलारू सभागृह, लाकडी तक्तपोशी, आणि पुढच्या आंब्याला टांगलेली भलीमोठी घंटा. मग ज्येष्ठात मार्था आली.

मार्था साठीच्या आसपासची. केस पांढरे, बारीक कापलेले, चालणं हळू. तिच्या देशात अर्धं वर्ष बर्फ असतो असं ती सांगायची. तिच्याबरोबर आणखी तिघं-चौघं होती. नव्या देशात सजगतेचा संघ उभा करायचा, असं त्यांच्या मनात होतं. 'सजगता' हा शब्द मी आधी शब्दकोशात बघितला. कारण मधल्या मध्ये दुभाषी झाले होते मी. आईला तिथे स्वयंपाकाचं काम मिळालं होतं, आणि पहिल्याच दिवशी तिने न विचारता सांगून टाकलं होतं, "माझ्या चेडवाक इंग्लिश येता. कॉलेजात आसा ता."

मला तेवढं काही येत नव्हतं. पण आईने इतक्या तोऱ्यात सांगितल्यावर येतं म्हणणं भाग होतं. कॉलेज सुटलं की मी मालवणहून एसटीने यायची, साकवावरून, म्हणजे खाडीवरच्या लहान पुलावरून, पलीकडे जायची आणि मार्थाच्या शेजारी बसून तिचं बोलणं मराठीत आणायची. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. मी तिच्यासारखी हळू चालायलाही लागले होते. माझ्या तोंडून गेल्याशिवाय कुणाचं कुणाला कळत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

त्यांच्या ध्यानकेंद्राचा एक नियम होता. आंब्याची घंटा वाजली की जो जिथे असेल त्याने तिथे थांबायचं. डोळे मिटायचे, तीन श्वास घ्यायचे, मग पुन्हा कामाला लागायचं. मी तो आईला समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर घंटा वाजत होती, आई आडाळीवर, म्हणजे विळीवर, नारळाची अर्धी कवड धरून डोळे मिटून बसली होती, आणि चुलीवरचं दूध वर येत होतं.

"आये, दूद!"

"घंटा झाली मां," आई डोळे न उघडता म्हणाली.

दूध उतू गेलं, चूल विझली. मी ओरडले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तूच सांगलंस, हातातला टाकून गप रवाचा. आता दूद थांबला नाय तर मी काय करू?" मार्थाला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली, आईला मिठी मारली आणि म्हणाली, ही खरी साधक. आई लाजून चूर झाली. घरी आल्यावर दोनदा विचारलं, "साधक म्हणजे कोण गो?"

तात्यांना त्या घंटेचं वेगळंच कोडं पडलेलं. त्यांचं सगळं आयुष्य घंटेवर गेलं होतं. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. संध्याकाळी खाडीवरून घंटेचा आवाज आला की ते कान देऊन बसायचे. बराच वेळ. मग मान हलवायचे.

"एक मारल्यानी. दुसरी खंय? गाडी थंयच उबी ठेवतली काय?"

आषाढात एकदा मार्थाने मला विचारलं की बुद्धाच्या काळी पावसाळ्यात वर्षावास असायचा, त्याबद्दल इथे कुणाला काही ठाऊक आहे का. मला हसू आलं. मी म्हटलं, आमच्या वाडीत रोज संध्याकाळी आहे, आजही आहे. त्याच संध्याकाळी छत्री घेऊन, साकवावरून घसरत घसरत ती आमच्या विहारात आली. चटईवर मांडी घालून बसली. पत्र्याच्या आवाजात तिला एक अक्षर ऐकू येत नसणार, आणि आलं असतं तरी कळलं नसतं. तरी वाचन संपेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खीर तिने दोनदा घेतली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून विचारलं, हे कोण.

मी सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण सगळं सांगितलं. विहिरीचं सांगितलं, देवळाच्या पायरीचं सांगितलं, माझ्या पणजोबांनी ओढलेल्या ढोरांचं सांगितलं. मग या माणसाने आम्हाला हात धरून कुठून कुठे आणलं ते सांगितलं. तिने फोटोपुढे डोकं टेकवलं. तात्यांचे हात हातात घेऊन ती म्हणाली, मी नव्या देशात संघ उभारायला आले आणि संघ इथे माझ्या आधीच बसलेला आहे. हे मी मालवणीत सांगितलं तेव्हा वाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आमच्या वाडीला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

आता वाटतं, नवा देश तिचा एकटीचा नव्हता. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा तेही एका नव्या देशातच गेले होते. फक्त त्यासाठी त्यांनी गाव सोडलं नव्हतं. तीच पायवाट, तेच शेत, रस्त्याने जाणारी तीच माणसं. असा देश उभा करणं जास्त कठीण असणार. पण तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त खूश होते.

श्रावणात मार्थाने तात्यांना सभागृह दाखवायला नेलं. बाहेर पाऊस कोसळत होता, पण आत कौलांखाली, तक्तपोशीखाली त्याची नुसती कुजबुज होती. तात्या मधोमध उभे राहिले, चपला हातात धरून. आई मागच्या भिंतीशी होती.

"मागे आयकाक येता?" तात्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"येता."

त्यांनी आवाज उतरवला. "आता?"

"आता पण येता, तात्यानु."

मग ते अगदी पुटपुटले. आपल्याशीच बोलावं तसं. "आणि आता?"

"येता."

तात्यांनी मान वर करून तक्तपोशी बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्सा मी उगाच बोंबललंय गो."

मी ते मार्थाला सांगितलं. तिने तिथल्या तिथे शब्द दिला. आश्विन पुनवेला वर्षावासाचा शेवट या सभागृहात करायचा, केंद्र आणि वाडी मिळून. तात्यांनी शेवटचा भाग इथे वाचायचा, त्यांना हवा तेवढा हळू.

त्या दिवसापासून तात्या बदलले. भाद्रपदात भाताच्या लोंब्या भरायला लागल्या, पावसाचं लक्ष नसलेलं ऊन मध्येच पडायचं, खाडीत शेवाळाचा वास सुटायचा, आणि तात्या पडवीत बसून तो शेवटचा भाग हळू वाचायचा सराव करायचे. त्यांना ते जमत नव्हतं. दोन ओळी खाली जायच्या आणि तिसरीला आवाज आपोआप फोंडाघाटाला पोचायचा. मग स्वतःच्याच मांडीवर चापट मारून पुन्हा पहिल्यापासून. पुनवेच्या आदल्या संध्याकाळी विहारात नेहमीचं वाचन झालं तेव्हा शेवटच्या भागाआधी थांबून त्यांनी पानात एक जुनं तिकीट घातलं आणि ग्रंथ मिटला. "रवलेला उद्या," ते म्हणाले. कसे म्हणाले ते सांगता येत नाही. लग्नाची तारीख ठरल्यावर माणूस सांगतो तसं काहीतरी.

या सगळ्याच्या मध्ये एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे मी नीट बघितलं नव्हतं. केंद्रात जेवण मुक्याने व्हायचं. काळ्या वाटाण्याचं सांबारं, उकडा भात, सोलकढी, सगळं आईच्या हातचं. बाहेरून आलेली माणसं घास तोंडात घेऊन डोळे मिटायची आणि कितीतरी वेळ चावत राहायची. एकदा मार्था म्हणाली की मुक्याने जेवलं की भाताची आपल्यापर्यंतची सगळी वाट दिसते. मी ते आईला सांगितलं. आई टोप घासत होती.

"आमी ल्हान आसताना गावात लग्न झाला काय मांडवाच्या भायर, सगळ्यांच्या मागसून जेवक बसत होतंव. गप जेवाचा, गप उठाचा. तेव्हा तेका कोणी ध्यान म्हणूक नाय."

हे मार्थाला सांगू का, असं मी विचारलं. आई म्हणाली, "नको. ती आपली रडात."

पुनवेच्या आदल्या दिवशी उदयदादा स्वयंपाकघराच्या दारात आला. आईपेक्षा तो कितीतरी लहान. तरी हाक मारायचा ती नुसत्या नावाने. "शेवंता, उद्या तू कामाक येव नको गो. सुट्टी घे. पुनव तुमची."

आईला ते इतकं बरं वाटलं. घरी येऊन म्हणाली, बघ, उद्या मी त्यांच्यात पाहुणी. पेटीतलं पांढरं लुगडं काढलं, इस्त्री नव्हती म्हणून तांब्यात निखारे घालून फिरवलं. दुपारी वाडीतल्या बायकांनी मिळून खीर केली. मोठ्या टोपात, वरून फडकं बांधून. पाऊस तात्या म्हणतात तसा नेमका आला. आम्ही निघालो. पुढे तात्या, ग्रंथ प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी. मागे आई, निळ्या कोटातला फोटो छत्रीखाली धरून. मग दोघी टोप घेऊन, मग सगळी वाडी. साकवावर पोरं उड्या मारत होती, तर तात्या ओरडले, "सावकाश. थंय गेल्यार असा बोंबलूचा नाय हां." पोरांनी तोंडावर बोटं ठेवली आणि हसू दाबत चालायला लागली.

केंद्राच्या फाटकाशी उदयदादा उभा होता. आत गाड्या लागलेल्या. सभागृहाच्या पायऱ्यांवर चपलांची रास. सरपंच, देवळाचे मानकरी, बाजारातले व्यापारी, त्यांच्या घरच्या बायका. आतून तळणीचा वास येत होता. आईने तो वास घेतला आणि ती जागच्या जागी थांबली. मला वाटतं तिला सगळं तेव्हाच कळलं.

"तात्या, वायच थांबा," उदयदादा हसून म्हणाला. अगदी गोड हसून. "आत गावची मंडळी आसत. पयल्यांदाच आयली आसत. तुमचा आपण उद्या करूया. निवांत."

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "मार्थाबायेक बोलव."

मार्था आली. भिजत, छत्रीशिवाय. तिने माझे दोन्ही खांदे धरले आणि ती बोलत गेली. मला ते वाक्यावाक्याने मराठीत आणायचं होतं, ते माझं काम होतं. ती म्हणाली, गावातली माणसं इतक्या दिवसांनी आज पहिल्यांदा आत आली आहेत. ती म्हणतात, वाडीतली माणसं पंगतीला असली तर आम्ही उठतो. स्वयंपाकही म्हणूनच दुसऱ्यांकडून करून घ्यावा लागला. मला हे पटत नाही. पण आम्ही या देशात नवे आहोत, पाहुणे आहोत. इथल्या रीतीभातींचा मान ठेवायला हवा. आणि तो फोटो आत आला तर ते राजकारण समजतील. उद्या फक्त तुम्ही या. उद्या आपण जास्त जवळ बसू.

मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही. माझ्याच आवाजात मी माझ्या माणसांना परत जायला सांगत होते, आणि ते व्यवस्थित, व्याकरणशुद्ध चाललं होतं.

तात्यांनी एवढंच विचारलं, "उद्या पुनव आसा?"

मी ते इंग्रजीत विचारलं. मार्थाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, मन सजग असेल तर रोजच पुनव.

हे मराठीत आणायला मी तोंड उघडलं आणि आंब्याखाली कुणीतरी घंटा वाजवली.

मार्थाने डोळे मिटले. तिच्या मागे अंगणातली तिची माणसं जिथे होती तिथे थांबली, एकाच्या हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा होता. तिला बघून उदयदादानेही डोळे मिटले. आणि फाटकाबाहेर, तिच्या शिकवणीने, आईही थांबली. फोटो धरून, मान खाली घालून. मीही थांबले. सगळी वाडी गप्प उभी होती, चिखलात, आणि छत्र्यांवरून पाणी खिरीच्या टोपावरच्या फडक्यावर पडत होतं. आत श्वास येत होता, बाहेर जात होता. माझ्या आयुष्यात मी इतकी शांतता ऐकलेली नाही.

मग मार्थाने डोळे उघडले, हात जोडले, आणि ती आत गेली. फाटक हळूच लागलं. आवाजसुद्धा झाला नाही.

तात्या जरा वेळ कान देऊन उभे राहिले. सवयीनेच. "दुसरी काय मारल्यानी नाय," ते म्हणाले, आणि वळले.

साकवावर पोरांना भूक लागली. आईने टोप तिथेच उतरवायला लावला, फडकं सोडलं. खीर पाण्याने पातळ झाली होती. पोरं घाबरून मुकाट्याने खायला लागली तशी आई जवळजवळ किंचाळली, "बोला रे! गप कित्याक जेवतास? बोला काय तरी!" पोरं तिच्याकडे बघत राहिली.

त्या रात्री वाचन झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुणीतरी म्हणालं, तात्यानु, विहारात बसूया, शेवटचा वाचून टाका. तात्या म्हणाले, आवाज बसलो. त्यांचा आवाज बसला नव्हता. गेल्या वर्षीचा वर्षावास आमच्याकडे संपलाच नाही.

मार्था नंतर एकदा घरी आली होती. म्हणाली, तुमचं दुःख मी माझ्या श्वासात धरून ठेवलं आहे. ती खोटं बोलत नव्हती. तिला दुष्ट म्हणता आलं असतं तर मला बरं झालं असतं. ती चांगली बाई आहे, आणि चांगल्या बाईला आमच्या आणि त्यांच्यामधून निवड करायला लागली तेव्हा निवड करायला तिला तीन श्वाससुद्धा लागले नाहीत. ज्यांच्यासाठी आम्हाला फाटकाबाहेर ठेवलं ती गावची मंडळी त्या दिवशी लाडू खाऊन, फोटो काढून गेली, ती पुन्हा तिथे फिरकली नाहीत. आता पुण्याहून, बेंगळुरूहून, परदेशातून माणसं येतात. आईला स्वयंपाकघरातून काढून बागेत लावलं आहे. उदयदादा म्हणाला, मोकळी हवा. पगार लागतो, म्हणून आई जाते. केंद्राच्या वेबसाइटवर तिचा एक फोटो आहे, माडाखाली, हातात झाडू. खाली इंग्रजीत लिहिलं आहे की हा आमचा स्थानिक संघ. मी तो आईला दाखवला नाही.

मी तिथे पुन्हा गेले नाही. पण एकदा साकवावरून पलीकडे नजर गेली तेव्हा घंटा वाजत होती. अंगणातली सगळी माणसं थांबली होती. एकट्या आईचा झाडू चालू होता. तिला कुणी काही बोलत नाही. बोलणार कोण? सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

यंदा आषाढ पुनवेला विहारात बसलो तेव्हा ग्रंथ तात्यांपुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "यंदा तू वाच." आणि मागे जाऊन भिंतीला टेकून बसले, शेजारी काठी. पोरांपैकी एकानेही हाफ तिकीट मागितलं नाही.

ग्रंथ उघडला तर तिकिटाच्या जागीच उघडला. पहिल्या पानावर जावं की काय करावं मला कळेना. मी तात्यांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते. मग मी तिथूनच सुरू केलं. बुद्ध थकले होते, वाटेत थांबत थांबत चालत होते. पत्रा नेहमीसारखा कडकडत होता. मी हळू वाचायचा प्रयत्न केला, तात्यांना हवा होता तसा. पुढच्या चटईवरची आईसुद्धा कानाला हात लावून पुढे वाकली. कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

आणि पाऊस मध्येच थांबला. आषाढात थांबतो तसा, घोटभर. त्या फटीतून खाडीवरून घंटा आली.

माझा आवाज थांबला. मी थांबवला नाही, थांबला. डोळे मिटले गेले, श्वास आत ओढला गेला. आश्विनापासून मी ज्यांच्या फाटकाशी गेले नाही त्यांचं माझ्या छातीने अजून ऐकलं. मला इतकी चीड आली, आणि चिडूनही मला पुढचा शब्द काढता येईना. सगळा विहार माझ्याकडे बघत होता. एक श्वास. दुसरा.

मागे तात्यांनी काठी उचलली आणि भिंतीजवळच्या पत्र्याच्या पेटीवर मारली. टण् टण्. दोनदा.

वरून पाऊस पुन्हा कोसळला. बुद्ध दोन झाडांमध्ये आडवे झाले होते, आणि मी पुढे वाचायला लागले. ओरडून.